पागोट्यावरचे वाळवण

हात कोपरापर्यंत ढिगात गेला आणि बोटांना ऊब लागली. वरचा कापूस फाल्गुनातल्या सकाळीइतकाच गार होता. खाली, पार तळाशी, कोणी नुकतेच उठून गेलेल्या अंथरुणात असते तशी ऊब होती. मी हात तसाच आत ठेवला. समोर अकोल्याकडे निघायच्या गाड्या उभ्या होत्या, चाकांच्या आखांना वंगण लागत होते, गडीमाणसे मोठ्याने बोलत होती, आणि आवाराची मालकीण रोजच्याप्रमाणे कापूस पाहते आहे यात कोणाला काही नवल वाटत नव्हते. हात एकदम ओढून घेतला असता तर ते सर्वांना दिसले असते. आपल्याला काय वाटले ते चार माणसांना दाखवीत फिरणे ही हलक्या घराची रीत आहे. म्हणून मी तशीच वाकून उभी राहिले आणि ती ऊब हळूहळू मनगटावरून वर चढू दिली.

ही ऊब कशाची असते ते अमरावतीत कोणाला सांगावे लागत नाही. कापसावर पाणी शिंपडले की वजन वाढते, आणि ओला कापूस दाबून ठेवला की तो आतल्या आत तापत जातो. सातासमुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या काळ्या मातीतले बोंड एकाएकी सोन्याचे झाले, तेव्हापासून हा जुना उद्योग सोडून या शहराने दुसरे काही केलेले नाही. कापसात पाणी, कापसात वाळू, कापसात गेल्या सालचा कुजका कापूस. परदेशातल्या माणसाला कळत नाही, एवढाच यांचा वेदान्त. परवापर्यंत ज्याला चारचौघांत नीट बसता येत नव्हते त्या नत्थुजीने गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या मारल्या आणि अंबादेवीला निघाला. वाटेत एक पट्टी निखळली तेव्हा शेणात हात घालून ती शोधीत बसला. मी मागच्या बैलांच्या दमणीतून ते पाहिले. मला हसूही आले नाही. हसण्यासाठी समोरचा माणूस थोडा तरी आपल्या बरोबरीचा लागतो.

अशा लोकांत मी नागपुरी दरवाजाबाहेरचे हे आवार चालवले. विधवा बाईने माजघरात बसून वाती वळाव्यात असे ज्यांना वाटत होते ते सगळे माझ्या आवारात कापूस घेऊन आले आणि तो वाळवूनही गेले. माझी एकच रीत होती. कोणाला मी परत पाठवीत नसे, कोणाला शिवी देत नसे. हात घालून पाहायचे. कापूस ओला निघाला तर ज्याचा कापूस त्याने स्वतःच्या डोक्यावरचे पागोटे सोडायचे, आवारापुढे हमरस्त्यावर अंथरायचे, त्यावर तो कापूस पसरायचा, आणि वाळेपर्यंत बोडक्या डोक्याने शेजारी बसून आपल्या हाताने उलटवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहायचे. आमच्याकडे पुरुषाचे पागोटे घरात कोणी मेले तरच चारचौघांत उतरते. पहिल्यांदा ज्याला सोडायला लावले तो पाटील रडला होता. पुढे कोणी रडले नाही. पुढे कोणी ओला कापूसही आणला नाही, किंवा आणला तर दुसरीकडे नेला, जिथे त्याच्यासारखेच लोक बसलेले होते.

लोक म्हणत, बाईंनी दुःखाचे सोने केले. हे वाक्य माझ्या कानावर इतक्यांदा आले आहे की मला आता त्याचा वास येतो. दुःखाचे सोने होत नाही. दुःखाचे काहीच होत नाही. ते असते तसेच, असते तिथेच राहते, आणि माणसाला वाटले तर माणूस उठून कामाला लागतो. मी उठले, एवढेच. भगवंत माझा थोरला. अकोल्याला मोर्णेच्या काठी गाड्या सोडलेल्या होत्या आणि त्यातला कापसाचा एक बोरा आतून धुमसत होता. ओला भरलेला, दुसऱ्या कोणाचा, वामनराव दलालाच्या मार्फत घेतलेला. वास कशाचा येतो म्हणून भगवंताने बोऱ्याची शिवण उसवली. आत वारा गेला आणि भडका उडाला. मग तो बांधलेले बैल सोडवायला धावला, आणि बैल वाचले. मी पोचले तेव्हा त्याला केळीच्या पानावर ठेवले होते. त्याने मला ओळखले आणि बैलांचे विचारले. भोवती बायका होत्या, त्या रडत होत्या, आणि त्यांच्या रडण्यात एक प्रकारची चव होती, हे मला त्याही वेळी स्पष्ट दिसत होते. सगळ्यांत जास्त वामनराव रडला. तेव्हापासून मी कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर विश्वास ठेवलेला नाही. मी कापसात हात घालून पाहते.

आणि आज तो हात माझ्याच ढिगात होता. हा ढीग बाहेरून आलेला नव्हता; आमच्या शेतातला, आमच्या बायांनी वेचलेला, माझा धाकटा मुलगा खुशालराव याच्या ताब्यात काल संध्याकाळपासून असलेला. कोणाला विचारायची गरज नव्हती. कुंपणाशी घागरी पालथ्या घातलेल्या होत्या. लपवायचे इतकेही कष्ट त्याने घेतलेले नव्हते. मी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि त्याला आतल्या खोलीत बोलावले.

तो आला आणि दाराला टेकून उभा राहिला. पागोटे नेहमीप्रमाणे एका बाजूला कललेले. भगवंताचे कधी कलत नसे.

"खालून गरम लागून राह्यला कापूस," मी म्हणाले.

"लागन. पानी मारलं त्याले."

"कोनं?"

"म्या."

मी का म्हणून विचारले. सगळेच मारतात, तो म्हणाला. भाव आज आहे, लढाई सरली की उद्या नसेल, मग वाळलेला कापूस कोणाला दाखवणार. हे त्याने पाठ केल्यासारखे सांगितले. खोटे बोलणारा माणूस कारण सांगताना हातवारे करतो. याचे हात स्थिर होते. मी बोलत नाही तेव्हा लोक अधिक बोलतात, हे मला सासूने शिकवले होते. खुशालही बोलला, पण खालच्या आवाजात, दाराकडे पाहत.

"तू हात घालशीन हे मले मालूम होतं, माय. कोपरापर्यंत घालतं. माह्या कपाळाले कधी एवढा हात नाही लावला तू. पाहाचं होतं मले, तुले रीत प्यारी हाये का पोरगा." थांबून म्हणाला, "भगवंतदादासारखा जळालो असतो तं मीबी तुले चांगला वाटलो असतो."

अशा बोलण्याला उत्तर द्यायचे नसते. दिले की ते बोलणे खरे होते. मी एवढेच विचारले की रस्त्यावर बसायचे तर न्याहारी झाली आहे का. त्याने माझ्याकडे पाहिले. मग सांगितले की अकोल्याची मंडळी यायच्या बेतात आहेत. त्यांच्यासमोर पागोट्याला हात घालायला लावला तर तो निघून जाईल. वामनरावाने त्याला पेढीत घ्यायचे कबूल केले आहे, राहायला जागाही पाहून ठेवली आहे. गेला की परत येणार नाही. माझ्या शेवटच्या आजारातही नाही. हे त्याने रागाने सांगितले असते तर मला बरे वाटले असते. त्याने ते गाडीची वेळ सांगावी तसे सांगितले आणि बाहेर गेला.

खोलीत सरकीचा तेलकट वास कोंडलेला होता. मी तिथे किती वेळ बसले ते मला ठाऊक नाही. मला भगवंत आठवायला हवा होता, आणि मी त्याला आठवू पाहत होते, कारण अशा वेळी त्याची आठवण मला कण्यासारखी उपयोगी पडते. पण डोळ्यांपुढे येत होता तो लहानपणीचा खुशाल: आवाराच्या कोपऱ्यात, ढिगांच्या मागे, हातात कापूस घेऊन तो पुनःपुन्हा गालाला लावून पाहणारा. मला वाटे खेळतो आहे. ओला का वाळलेला हे तो शिकत होता, मला दाखवण्यासाठी. मी एकदा त्याच्या हातातून तो कापूस घेऊन ढिगात टाकला होता, कारण गालाला लावून वाया घालवण्याची वस्तू नव्हे ती. ही आठवण मला नको होती. मी ती बाजूला केली. ती बाजूला झाली नाही. ढिगाच्या तळाशी असते तशी तिथेच राहिली.

बाहेर गलका झाला. वामनराव आला होता, अकोल्याची पाचपन्नास मंडळी घेऊन, शेला आणि नारळ घेऊन. या माणसाला मी तरुणपणापासून पाहते आहे. तो वाढला, पसरला, कपाळावर गंध मोठे झाले, पण डोळे तेच, गिऱ्हाइकाच्या पायांकडे पाहून त्याचा जोडा कितीचा असेल ते ठरवणारे. त्याने आवारात उभे राहून माझ्याविषयी बोलायला सुरुवात केली. मोर्णेच्या काठी, जिथे भगवंताच्या गाड्या सुटल्या होत्या तिथे, त्यांनी त्याच्या नावाचा ओटा बांधला आहे. मी येऊन त्यावर पाणी घालावे. या माउलीने पुत्रशोकातून धर्म उभा केला, आणि वऱ्हाडातल्या आयाबायांनी हिच्याकडे पाहून जगावे. जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी पाहत होते की त्याला स्वतःला खरोखरच रडू येत होते. ज्याच्या हातून तो बोरा आमच्या गाडीत चढला त्याला ते आठवतही नसावे. किंवा आठवत असावे आणि त्यामुळेच इतके सुंदर बोलता येत असावे. ढोंगी माणूस परवडतो. आपल्या ढोंगाने सद्गदित होणाऱ्या माणसापुढे करायचे काय ते शास्त्रात दिलेले नाही.

मी त्याला आत बोलावले आणि शेला अंगावर घेण्याआधी सांगितले की आजच्या ढिगाला पाणी लागलेले आहे, गाड्या निघणार नाहीत. वाटले, निदान चपापेल. तो हसला, घरातल्या माणसासारखा, प्रेमाने.

"असू द्या ना, बाई. तुमच्या आवाराचा बोरा अकोल्यात कोन उसवून पाह्यते? नाव पाह्यलं का सरळ पुढं. भगवंतरावाचं पुण्य हाये ते."

सकाळची ऊब या बोलण्यापुढे काहीच नव्हती. इतकी वर्षे मी कापसात हात घातला तो कोणी ओला कापूस विकू नये म्हणून. आणि त्यातून काय तयार झाले, तर असा एक बोरा जो कोणी उघडून पाहणार नाही. सगळ्या वऱ्हाडात पाणी मारून विकायला माझ्या नावाइतकी सुरक्षित जागा उरलेली नव्हती. मला तो बोरा दिसला: कुठल्या तरी काठावर सुटलेल्या गाडीत, आतून धुमसत असलेला, आणि कोणा तरी बाईचा मुलगा, दिवसभर चालून थकलेला, या आवाराचा माल आहे, याला भीती नाही, म्हणून निर्धास्तपणे त्याला पाठ लावून निजलेला. त्या मुलाला चेहरा नव्हता. मी चेहरा पाहण्याचा प्रयत्न केला नाही.

मी उठून बाहेर आले. काय बोलायचे ते माझे ठरलेले होते, आणि शब्दही थोडेच होते. ते बोलावे लागले नाहीत. रस्त्यावर, उन्हात, खुशाल आधीच उभा होता. माझी पावले आवाराच्या दारात आली तशी त्याने पागोट्याचे टोक सोडवले आणि वेढे उलगडू लागला, सावकाश, वळी पडू नये अशा बेताने. त्याचे केस टाळूशी विरळ झालेले होते. हे मला ठाऊक नव्हते. आईने मुलाचे डोके उघडे पाहण्याचे प्रसंग पुढेपुढे येत नाहीत, आणि मी ते पाहायला कधी गेलेही नसेन. त्याने ते लांब कापड धुळीत अंथरले, कडांवर दगड ठेवले, आवारात जाऊन तळाचा ओला कापूस कवेत भरून आणला आणि त्यावर नीट विरळ पसरला. पसरणे उत्तम होते. मी काढावी अशी एकही खोड त्यात नव्हती. मग तो अकोल्याच्या रस्त्याने चालू लागला. मागे पाहिले नाही.

वामनरावाने प्रसंग ओळखून शेला माझ्या खांद्यावर टाकायला हात उचलले. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि पागोट्याच्या शेजारी जमिनीवर अंथरला, कारण ढीग मोठा होता. तरीही कापूस उरलाच. "वामनराव, तुमचंबी सोडा," मी म्हणाले, "ओला हाये हे मालूम असून नेतच होते ना तुमी." मागून कोणीतरी फिसकन हसले. वामनरावाचा हात पागोट्याकडे गेला, ते सोडायला नव्हे, घट्ट धरायला. त्याने उन्हाविषयी, आपल्या डोकेदुखीविषयी, अकोल्यात खोळंबलेल्या कामांविषयी काही सांगितले. नारळ घेऊनच परत गेला. देवाला वाहिलेली वस्तू मागे नेत नाहीत, पण तो नारळ देवाला नव्हता, मला होता, तेव्हा ठीकच झाले.

त्याची मंडळी पांगली. आपल्या गावचे लोक पांगले नाहीत. त्यांना अजून काही मिळायचे होते. चुलत घरची दुर्गाबाई पुढे आली, माझ्या पायांवर हात ठेवले, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक आगीनं नेला, दुसराबी बाईनं धर्माले देल्ला."

तोंडातून तोंडात ते वाक्य गेले. मी ते जाताना पाहिले. संध्याकाळपर्यंत अमरावतीत आणि उद्या अकोल्यात ते पोचणार होते, आणि परवा त्याचा ओटा बांधला जाणार होता. यांना मी हवी होते ती अशी: मुले वेचून वेचून देणारी. माझ्या घरात कोणी जिवंत उरणार नाही तेव्हाच यांची भक्ती पूर्ण होईल. मी भगवंताला कशाला दिलेले नाही. त्याला एका हरामखोर माणसाच्या पाण्याने माझ्यापासून नेले, आणि त्यात पुण्य कुठेही नव्हते. आणि खुशालला मी दिलेले नाही. तो रस्त्याने चालला होता, बोडका, भर उन्हात, त्याच्या न्याहारीचे मी विचारले होते आणि त्याने सांगितले नव्हते. शिवाय रीत अर्धीच झाली होती. पागोटे सोडणे ही रीत नव्हे, ती तर चार लोकांना बघायला असते. ज्याचा कापूस त्याने बसून उलटवायचा, ही रीत. एवढ्या वर्षांत कोणीही वाळवण टाकून निघून गेलेला नव्हता, आणि माझ्या पोटच्या पोराने तो पायंडा पाडावा हे मला चालणार नव्हते. हे मी स्वतःला सांगितले. पुरेसे कारण होते.

दुर्गाबाईला मी पायांपासून उठवले आणि कापूस उलटवायला बसवले. ती बसली, पुण्याच्या लोभाने बसली असेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. आवाराचा गाडीवान गोवर्धन याला दमणी जुंपायला सांगितली. अकोल्याच्या रस्त्यावर मी भगवंतानंतर पाऊल ठेवलेले नव्हते, हे त्याला ठाऊक असावे, कारण दरवाजापाशी त्याने कोणीकडे म्हणून पुन्हा विचारले. मी बोट दाखवले. रस्ता तसाच होता. कापसाच्या गाड्यांतून गळलेले पुंजके बाभळींच्या काट्यांना लटकले होते आणि वाऱ्याने हलत होते. मला भीती वाटली होती की मी काही पाहीन. मी बाभळी पाहिल्या, धूळ पाहिली, चांदीच्या पट्टीची एक गाडी नाल्याच्या चिखलात रुतलेली पाहिली. बाकी काही नव्हते. दुःखाने रस्ता सांभाळून ठेवलेला असतो असे आपल्याला वाटते. रस्त्याला ते परवडत नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे तो दिसला. दुरून त्याचे चालणे भगवंतासारखे वाटेल अशी मला धास्ती होती. नव्हते. उजवा खांदा थोडा खाली सोडून चालण्याची त्याची त्याची ढब होती, आणि ती मला ओळखू आली. गोवर्धनाने बैल आवरले तसे मी त्याला थांबू नकोस म्हणून सांगितले. रस्त्यात मुलाला हाक मारून थांबवणे मला जमण्यासारखे नाही. आम्ही त्याच्या शेजारून पुढे गेलो. चाकांची धूळ त्याच्यावर उडाली. तो तोंडावर हात घेऊन चालत राहिला. पुढे एका कडुनिंबापाशी दमणी उभी केली आणि मी बसून राहिले. तो पुढे निघून गेला असता तर मी काय केले असते, ते मला आजही सांगता येत नाही. बैल शेपट्या हलवीत होते. पावलांचा आवाज जवळ आला, चाकापाशी आला आणि थांबला.

"कापूस वाळून राह्यला तिथं," मी समोर पाहत म्हणाले. "दुर्गाबाई उलटवते. गठ्ठेच्या गठ्ठे उलटवते ती."



"पागोटं दे माहं," तो म्हणाला.

"त्याच्यावर कापूस हाये. वाळल्याबिगर कसं देईन."

तो हसला की नुसता श्वास सोडला, ते मला मान वळवल्याशिवाय कळले नसते, आणि मी मान वळवली नाही. मग गोवर्धन माझ्याकडे न पाहता खाली उतरून मागे आला, आणि खुशाल पुढे जुवापाशी चढून बसला. त्याने कासरे घेतले. अमरावतीत पोचल्यावर, वाळवण संपल्यावर, तो काय ठरवील हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी त्याला क्षमाही केलेली नव्हती. तळाचा कापूस तापला होता तो तापलाच होता. बैल वळले. ऊन आता डोक्यावर होते. माझ्यासमोर त्याची मान होती, उघडी, धुळीने भरलेली, मागच्या बाजूला उन्हाने लाल होत चाललेली. मी ऊन लागते म्हणून पदर कपाळापुढे ओढून धरला, तेव्हा पदराची सावली पुढे सरकून त्याच्या मानेवर पडली. हाताला लवकरच कळ लागली. मी हात खाली घेतला नाही.